ठमीचं काय हरवलं?

गाडी शिंकते का? मला विचाराल तर शिंकते. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी स्वप्नालीआजीच्या ठमीने माझ्यासमोर अशा काही धडाधड शिंका दिल्या की बॉनेटवर झोपलेलं मांजर उडी मारून पळालं ते दुपारपर्यंत परत आलं नाही.

थांबा, आधी ओळख करून देते. नाहीतर तुम्ही म्हणाल, ही पोरगी कुठूनही सुरू होते. घरचे तसं म्हणतातच.

माझं नाव शेवंता. सहावीत आहे. हल्ली जुनी नावं ठेवायची फॅशन आली आहे, त्यामुळे आमच्या वर्गात दोन शेवंता, एक गंगूबाई आणि एक हिंदुराव आहे. उलट आज्यांची नावं स्वप्नाली नाहीतर प्रियांका. त्यांच्या लहानपणी तीच फॅशन होती म्हणे. आमचं गाव आंबेखिंड, गडहिंग्लजच्या बाजूला, डोंगराच्या कुशीत. गावाबाहेर पडायचं तर खिंड चढूनच जावं लागतं.

स्वप्नालीआजी माझी सख्खी नाही, अख्ख्या गावाची आजी. ठमी म्हणजे तिची गाडी. पांढरी, चौकोनी आणि बुटकी. आजीच्या वडिलांनी घेतलेली, म्हणजे चक्क गेल्या शतकातली. आता सगळ्या गाड्या विजेवर चालतात. त्या आवाज न करता मागून येतात आणि आपणच दचकतो. ठमीच्या पोटात मात्र खरंखुरं इंजिन आहे. ते उसाच्या मळीपासून काढलेल्या इंधनावर चालतं, आणि ठमी येतेय हे ओढ्याच्या पलीकडूनच कळतं.

आता कुणी आजारी पडलं की खिंडीवरून उडती रुग्णवाहिका येते. पण माझी आई जन्मायची होती तेव्हा असं काही नव्हतं. आमच्या गावात तेव्हा एकच गाडी होती आणि ती चालवणारी एकच बाई होती. कुणाला कळा सुरू झाल्या, कुणाला साप चावला, कुणाला दम लागला, की लोक आजीचं दार वाजवायचे. आजी केसांना रबर लावत बाहेर यायची आणि ठमी सुरू करायची. माझी आई तर दवाखान्यापर्यंत पोचलीच नाही, खिंडीतच जन्मली. आजीने गाडी कडेला लावली, बाळाला गुंडाळायला स्वतःची ओढणी दिली आणि मागे वळून माझ्या आईच्या आईला म्हणाली, "मुलगी हाय, गोरीपान." आईला ही गोष्ट सांगायला फार आवडते, आणि मला ऐकायला. कारण ठमी त्या दिवशी बंद पडली असती तर आई नसती आणि मीही नसते.

तर त्या दिवशी दुपारी ठमीची परीक्षा होती. नवीन नियमाप्रमाणे इंजिनाच्या जुन्या गाड्यांची तपासणी होते. धूर स्वच्छ असेल आणि इंजिन एकसारखं चालत असेल तर गाडीला 'वारसा वाहन' असा बिल्ला मिळतो आणि ती रस्त्यावर राहते. नाहीतर तपासनीस बॉनेटवर लाल रंगाची भलीमोठी फुली मारतात. फुली पडली की भंगाराचा ट्रक येतो आणि गाडी दाबून तिचा पाट करून टाकतात. दुसरी संधी नाही. आजी गेले कित्येक दिवस नीट जेवली नव्हती, आणि वर 'मला काय त्याचं' असं सगळ्यांना सांगत होती.

आता आमच्या गावाचा एक स्वभाव सांगायला हवा, कारण सगळं रामायण त्यातूनच घडलं. आमच्याकडे कुणी कुणाला तोंडाने 'आभारी आहे' म्हणत नाही. म्हटलं तर समोरचा विचारतो, "बरं हाय नव्हं तुला?" आभार मानायचे तर हातांनी मानायचे. कुणाचं अंगण झाडायचं, कुणाच्या घरी पोळ्या लाटायला जायचं. दसऱ्याला तर आपल्याकडे अवजारांची आणि गाड्यांची पूजा असतेच. त्यात ठमीची परीक्षा तोंडावर आलेली. मग काय, दसऱ्याच्या सकाळी अख्खं गाव आजीच्या अंगणात लोटलं. ज्याला ठमीने दवाखान्यात नेलं होतं आणि जो ठमीत जन्मला होता, तो प्रत्येक जण फडकं घेऊन आला. बाहेरून गाडी धुऊन झाली, तरी माणसं उरलीच. मग बॉनेट उघडलं आणि इंजिन पुसायला घेतलं. कुणी नळी पुसली, कुणी वायर काढून चकचकीत केली, कुणी हळदकुंकू वाहिलं, कुणी झेंडूची माळ घातली. ठमी नवरीसारखी दिसत होती. आजी पायरीवर बसून डोळे पुसत होती आणि विचारलं तर धूळ गेली म्हणत होती.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चावी फिरवली, तर हे.

धड्... धड्... फट्. ठमी ओल्या कुत्र्यासारखी थरथरत होती. आरसा हलत होता, दारं वाजत होती, मागून उग्र वासाचा धूर येत होता आणि मधूनच पुढून ती फस्सकन शिंकत होती.

"जा गं शेवंता," आजी म्हणाली, "त्या पान्याला घेऊन ये."

पाना हा आमच्या गावाचा दुरुस्तीचा रोबो. उंचीला माझ्याएवढा, हाताला रबराचे पंजे. नाव आम्ही मुलांनी ठेवलं. तो फार शुद्ध बोलतो, आम्हा मुलांनाही 'आपण' म्हणतो, त्यामुळे त्याला चिडवायला मजा येते. एरवी त्याचं काम सोपं असतं. तो गाडीला एक वायर जोडतो आणि विचारतो, 'काय होतंय?' गाडीतला संगणक सगळं सांगतो. मग पाना तो भाग बदलतो आणि निघतो.

पाना ठमीभोवती फिरला. वाकून खाली बघितलं. पुन्हा फिरला.

"क्षमस्व," तो म्हणाला. "या वाहनात प्रश्न विचारायची जागाच नाही. वाहन मुकं आहे."

"मुकी न्हाई ती," आजी म्हणाली. "मघापासून बोंबलतीय. तुला ऐकू येत न्हाई, ते वेगळं. मिसिंग मारतीय बघ."

"मिसिंग म्हणजे हरवलेलं," पाना म्हणाला. "काय हरवलं आहे?"

मला हसू आलं. मेकॅनिक लोकांच्या भाषेत 'मिसिंग मारणे' म्हणजे इंजिनाचा मधला मधला ठोका चुकणे. चांगलं इंजिन एकसारखे ठोके देतं. एखादा ठोका पडलाच नाही, तर लंगडणाऱ्या माणसासारखी त्याची चाल होते. पण हसता हसता मला वाटलं, पानाचा प्रश्न काही वेडा नाही. खरंच, काय हरवलंय?

"इंजिनाला काय काय लागतं?" मी विचारलं.

पानाच्या डोक्यात जगभरची पुस्तकं आहेत. तो सांगू लागला. "या इंजिनात चार सिलिंडर (पोलादी नळकांडी) आहेत. प्रत्येकात एक पिस्टन (वर-खाली होणारा दट्ट्या) आहे. आत इंधन पेटतं, त्याचा धक्का दट्ट्याला बसतो आणि त्या धक्क्याने चाक फिरतं. पेटण्यासाठी तीन गोष्टी हव्यात. इंधन मिसळलेली हवा, ती हवा दाबून धरायची ताकद, आणि ठिणगी."

"चुलीसारखंच की," आजी म्हणाली. "लाकूड पायजे, वारा पायजे, काडी पायजे."

"मग एकेक बघू," मी म्हणाले. "जे नसेल ते हरवलंय."

आधी हवा. पानाने एअर फिल्टरचा (इंजिनात जाणारी हवा गाळणाऱ्या जाळीचा) डबा उघडला. आत बघतो तर झेंडूच्या पाकळ्यांचा लगदा. कुणीतरी भक्तिभावाने माळ थेट नाकातच घातली होती. मी तर उड्याच मारल्या. चोर सापडला म्हटलं. आम्ही जाळी साफ केली, वाळवली, परत बसवली. आजीने चावी फिरवली.

धड्... धड्... फट्. फस्स.

मी पायरीवर जाऊन बसले. मला राग आला की मी नखं खाते, ती खाल्ली.

मग ठिणगी. प्रत्येक सिलिंडरच्या डोक्यावर एक प्लग असतो. त्याच्या टोकाला वीज उडी मारते, तीच ठिणगी. काल इंजिनावर बादलीभर पाणी पडलं होतं, म्हणून पानाने सगळे प्लग काढून वाळवले. मग एकेक प्लग वायरला लावून इंजिनाच्या लोखंडाला टेकवला आणि आजीला इंजिन नुसतं फिरवायला सांगितलं. (हे काम पाना करत होता, कारण त्याचे हात रबराचे आहेत. त्या वायरींत हजारो व्होल्टची वीज असते. तुम्ही मुळीच करायचं नाही, मीही केलं नाही.) चारही प्लगांवर निळी, टणटणीत ठिणगी उडाली.

मग दाब. प्लगच्या भोकात पानाने दाबमापक (दाब मोजणारं घड्याळासारखं यंत्र) बसवला. चारही नळकांड्यांत दाब झकास. इंधनही पोचत होतं. पानाने सगळे प्लग जागेवर बसवले आणि वायरी लावल्या, काढल्या होत्या तशाच. पुन्हा चावी. पुन्हा तेच रडगाणं.

"हवा आहे, इंधन आहे, दाब आहे, ठिणगी आहे," पाना म्हणाला. "काहीही हरवलेलं नाही. म्हणजे इंजिन चालायला हवं."

"चालत न्हाई ते दिसतंय मला," आजी म्हणाली. ती ठमीच्या दाराला हात लावून उभी होती. थोड्या वेळाने ती हळूच म्हणाली, "म्हातारी झाली असंल. माणसाचंबी असंच होतं की. सगळं जागच्या जागी असतंय, पर चालवत न्हाई. फुली मारू देत. मी काय तिला धरून ठेवणार?"

आजी असं बोलली आणि मला रडूच फुटायला आलं. रडण्यापेक्षा चिडणं बरं म्हणून मी पानावर चिडले. "चार सिलिंडर आहेत ना? मग चारही एकदम कशाला बिघडतील? कोण काम करतंय आणि कोण नाही, ते तरी सांग."

"ते वाहनाने सांगायला हवं. वाहन सांगत नाही."

आणि तेव्हाच मला आमचं झांजपथक आठवलं.

आमच्या शाळेचं झांजपथक तालुक्यात पहिलं येतं. पण मागच्या वर्षी काहीतरी गडबड होती. सगळे वाजवत होते, तरी आवाज फुसका. मॅडमनी कुणालाच 'नीट वाजव' म्हटलं नाही. त्यांनी एकेकाला थांबवलं. "शेवंता, तू थांब, बाकीचे वाजवा." मी थांबले की आवाज पडायचा. म्हणजे मी वाजवत होते. मग हिंदुरावला थांबवलं. आवाज होता तसाच. अरेच्चा, म्हणजे हा पठ्ठ्या नुसते हात हलवत होता आणि झांजा एकमेकींना लावतच नव्हता. त्याचे हात दुखत होते म्हणे. काम कोण करतं, हे त्याला थांबवल्यावर कळतं.

मी पानाला म्हणाले, "चालू इंजिनात एकेका प्लगची वायर काढ. ज्याची काढल्यावर इंजिन आणखी ढेपाळेल, तो कामाचा. ज्याची काढून काहीच फरक पडणार नाही, तो हिंदुराव."

पानाने डोक्यातली पुस्तकं चाळली. मग म्हणाला, "जुन्या पुस्तकांत ही पद्धत आहे. मी ती शोधली नाही, कारण मी वाहनाच्या उत्तराची वाट बघत होतो."

आजीने ठमी सुरू केली. पानाने एक नंबरची वायर काढली. इंजिन धापा टाकत बंद पडायलाच आलं. वायर परत. चार नंबरची काढली, तीच गत. म्हणजे एक आणि चार बिचारे राबत होते. मग दोन नंबर. इंजिन होतं तसंच. तीन नंबर. तसंच.

"दोन आणि तीन," पाना म्हणाला. "शेजारी शेजारी. मधलं सील (हवा गळू न देणारी चकती) फाटलं असेल तर असं होतं. पण दाब तर चांगला आहे. मग ते काम का करत नाहीत?"

पण माझे कान दुसरीकडेच होते. "पाना, दोनची वायर परत काढ बरं." त्याने काढली. "तीनची पण काढ." त्याने काढली. ठोके दुबळेच होते, पण ठमीची शिंक थांबली होती. साफ थांबली.

"आजी, हा हिंदुराव नाही," मी म्हणाले. "ही गंगूबाई आहे."

आजीला वाटलं, मला ऊन लागलं. सांगते. आमच्या पथकात एक गंगूबाईही होती. ती जीव तोडून वाजवायची, पण तालाच्या मध्येच. मॅडमनी तिला थांबवलं तेव्हा आवाज कमी झाला नाही, उलट सुधारला. हिंदुराव थांबला तर फरक पडत नाही, कारण तो काहीच करत नाही. गंगूबाई थांबली तर बरं वाटतं, कारण ती करते खूप, पण भलत्या वेळी. दोन आणि तीनची ठिणगी थांबवल्यावर शिंका थांबल्या. म्हणजे तिथे ठिणगी पडत होती, जोरात पडत होती, पण वेळ चुकत होती.

"वेळ," पाना म्हणाला. "चौथी गोष्ट. हवा, दाब, ठिणगी आणि वेळ." आणि तो जमिनीवर बसून मातीत बोटाने चित्र काढू लागला.

ते चित्र मला अजून आठवतं, कारण त्यातून मला इंजिन कळलं. तुम्हालाही कळेल. प्रत्येक नळकांड्यात चार कामं होतात, एकामागून एक. ओढ, दाब, पेट, सोड. दट्ट्या खाली जातो आणि इंधनाची हवा आत ओढतो. वर येतो आणि ती दाबतो. तेवढ्यात ठिणगी पडते, हवा पेटते आणि दट्ट्याला खाली धक्का बसतो. पुन्हा वर येताना तो धूर बाहेर सोडतो. चारांतलं एकच काम धक्क्याचं. म्हणून चार नळकांडी असतात आणि चौघं पाळीपाळीने धक्का देतात. कुणी ना कुणी सतत ढकलत असतं, त्यामुळे गाडी गुळगुळीत चालते.

"मग पाळी एक, दोन, तीन, चार अशी असते का?" मी विचारलं.

"नाही. दट्टे जोडीने हलतात. एक आणि चार वर असतात तेव्हा दोन आणि तीन खाली. एकने धक्का दिला की खालून वर आलेल्या जोडीतल्या कुणाची तरी पाळी. म्हणून एक, मग तीन, मग चार, मग दोन."

"आणि दोन-तीन बरोबरच वर येतात तर त्यांच्यात घोळ झाला तर?"

"बरोबर वर येतात, पण एक जण दाबत येतो आणि दुसरा सोडत येतो," पाना म्हणाला. "ठिणगी दाबणाऱ्याला हवी. ती चुकून सोडणाऱ्याला मिळाली तर त्याचा धूर जात असतो आणि नवी हवा घ्यायचं दार उघडत असतं. पेटलेली हवा त्या दारातून उलटी बाहेर उडते."

"ती शिंक," मी म्हणाले.

"ती शिंक. आणि ज्याने दाबून धरलं होतं त्याला ठिणगीच मिळत नाही. त्याचं इंधन न पेटताच मागच्या नळीतून जातं."

"तो वास," आजी म्हणाली.

एकाची काडी दुसऱ्याच्या चुलीला लागत होती, एवढंच. आम्ही तिघांनी इंजिनात डोकं घातलं. प्लगांच्या चार वायरी डिस्ट्रिब्युटरच्या टोपीतून (ठिणगीची वीज पाळीपाळीने वाटणाऱ्या डब्यातून) निघतात. टोपीतला काटा ज्या दिशेने फिरतो त्या दिशेने पानाने भोकांवरून बोट फिरवलं. पहिलं भोक, एक नंबरला. बरोबर. दुसऱ्या भोकातली वायर तीनला जायला हवी. ती दोनला गेली होती. शेवटच्या भोकातली दोनला जायला हवी. ती तीनला गेली होती. सरळ, सुबक, शेजारी शेजारी.

"हे कुणी केलं?" मी ओरडले.

"मी केलं," मागून आवाज आला.

अन्वीकाकी फाटकात उभी होती, हातात पोह्यांचा डबा. ती आमच्या शेजारची. तिचा विहान लहान असताना त्याला मण्यार चावली होती, तेव्हा आजीने ठमी अशी काही हाणली होती की लोक अजून सांगतात. विहानदादा आता उडत्या रुग्णवाहिकेवर कामाला आहे.

काकीचा चेहरा पांढरा पडला होता. "त्या दोन वायरी एकमेकींवरनं आडव्या गेल्या हुत्या," ती म्हणाली. "लांबनं बघितलं तर फुली दिसत हुती, स्वप्नाली. मी पुसत हुते, आणि माझ्या मनात आलं, साहेब उद्या फुली घेऊन येणार, आणि हितं आत आधीच फुली? सणासुदीला अपशकुन कशाला? म्हणून टोकं काढली आणि सरळ लावून टाकली. मला काय ठाऊक गं. सगळं वाटोळं केलं मी."

मी खरं तर काकीला चांगलं सुनवणार होते, वाक्यंही तयार होती. पण आजी तिच्याजवळ गेली आणि काळ्या ओशट हातांनी तिचे दोन्ही हात धरले.

"तू माझ्या गाडीवरची फुली पुसाय गेलीस," आजी म्हणाली. "एवढी माया कोण करतंय गं? मी बापडी समजत हुते, लोकं ठमीला इसरली असतील. रुग्णवाहिका आली, आता म्हातारीला कोण इचारतंय. आणि तुमी सगळ्यांनी मिळून तिला पाक आंघोळ घालून ठेवली." आणि ती हसायला लागली. काकी रडत होती आणि आजी हसत होती. माझी तयार वाक्यं मी गिळून टाकली.

पानाने त्या दोन वायरी काढल्या आणि पुन्हा एकमेकींवरून आडव्या लावल्या. इंजिनात परत फुली झाली.

आजीने डोळे मिटून चावी फिरवली.

ठमी सुरू झाली. धडधड नाही, फटफट नाही, शिंक नाही. एक, तीन, चार, दोन, चौघं आपापल्या पाळीला हजर. आरसा हलायचा थांबला. मी बॉनेटला हात लावला तर आत काहीतरी सुखाने घोरत असल्यासारखं वाटलं. मला इतका आनंद झाला की मी पानाच्या लोखंडी गालाचा पापा घेतला. तो म्हणाला, "याचा उपयोग मला समजला नाही. पण नोंद घेतली आहे."

दुपारी तपासनीस आले. तरुण होते, म्हणून अर्थातच नाव धोंडिबा. सोबत लाल रंगाचा डबा होता आणि मला त्याच्याकडे बघवेना. त्यांनी ठमीच्या मागच्या नळीत धूर मोजायची काडी घातली, बॉनेटवर एक चपटं यंत्र ठेवलं आणि आकडे बघत उभे राहिले. तोवर आईही कामावरून आली होती. अंगणाबाहेर गाव जमलं होतं, पण कुणी आत येत नव्हतं. आजी देवळात उभी राहते तशी हात जोडून उभी होती आणि तिला ते कळतही नव्हतं.

"धूर स्वच्छ आहे," धोंडिबासाहेब म्हणाले. मग त्यांनी यंत्र उचललं आणि बॉनेटवर नुसता तळहात ठेवला. "हाताला कळतंय तर यंत्र कशाला हवं. एवढं एकसारखं इंजिन मी बरेच दिवसांत बघितलं नाही. कुणी लावलं?"

आजीने माझ्याकडे बघितलं, मी पानाकडे बघितलं आणि पानाने अन्वीकाकीकडे. काकी म्हणाली, "सगळ्यांनीच लावलं, साहेब." ते खरंही होतं आणि बिघडलंही तसंच होतं.

साहेबांनी लाल डबा उघडलाच नाही. खिशातून पितळेचा बिल्ला काढला आणि समोरच्या काचेला चिकटवला. फाटकाबाहेर कुणीतरी हलगी वाजवायला घेतली.

त्या गडबडीत पाना माझ्याशेजारी येऊन उभा राहिला. "आज जे शिकलो ते मी इतर रोबोंना कळवलं आहे," तो म्हणाला. "जगात अजून पुष्कळ मुकी यंत्रं आहेत. जुने पंप, गिरण्या, बोटी. लांबच्या ग्रहांवर पाठवलेली काही यंत्रंसुद्धा. त्यांचे संगणक बंद पडले की आम्ही ती मेली असं समजत होतो. आता एकेक भाग थांबवून बघू, ऐकून बघू. कदाचित त्यांचंही काही हरवलेलं नसेल." मी त्याला म्हटलं, मोठी झाले की मीही येईन त्या कामाला. तो म्हणाला, ये. पहिल्यांदाच त्याने मला 'आपण' म्हटलं नाही.

आता खिंडीपर्यंत एक फेरी मारायचीच होती. सगळे आजीच्या मागे लागले. आजी गाडीजवळ गेली, पण आज तिला स्टिअरिंग धरवेना. तिने चावी माझ्या आईच्या हातात दिली. आईला क्लच-गिअरची गाडी येते, आजीनेच शिकवली आहे. मी पुढे आईशेजारी बसले. आजीने मागचं दार उघडलं आणि जरा थबकली. तीस वर्षं तिने त्या गाडीतून गाव वाहिलं होतं, पण स्वतः मागे कधीच बसली नव्हती.

ती बसली. हात फिरवून सीट बघितली, खिडकीची काच खाली केली.

"मागनं रस्ता असा दिसतोय व्हय," ती म्हणाली.

आईने मागे वळून बघितलं. ती काहीतरी बोलणार होती, मला ठाऊक आहे काय, पण आमच्याकडे तोंडाने म्हणत नाहीत. तिने फक्त विचारलं, "नीट बसलीस ना?"

आजी टेकून बसली आणि गालात हसली. दवाखान्याला निघताना पेशंटच्या घरचे दर वेळी तिला एकच वाक्य सांगायचे. ते वाक्य तिने आज पहिल्यांदा स्वतःसाठी म्हटलं.

"सावकाश चालव गं बाई, मागं माणूस हाय."

आईने मान हलवली, डोळे पुसले आणि गाडी सावकाश खिंडीकडे घेतली.